पासवर्ड टिंबटिंब दिसतो, पण लपत नाही

ऑनलाइन माहिती भरायची शेवटची तारीख जवळ आली की अमरावती-अकोल्याकडच्या तालुक्याच्या गावांत नेट कॅफेवर आपलीच गर्दी दिसते. सरल, यू-डायस, शिष्यवृत्तीचे फॉर्म. समोर जो संगणक मिळेल त्यावर शाळेचा पासवर्ड टाकून आपण मोकळे. टिंबटिंब दिसले म्हणजे कोणी पाहिले नाही, असे वाटते.

की-लॉगर नावाच्या प्रोग्रामला पडदा पाहायची गरजच नसते. दाबलेली प्रत्येक कळ तो फाइलमध्ये लिहितो आणि इंटरनेटवरून गुपचूप आपल्या मालकाकडे पाठवतो. पासवर्ड कितीही अवघड ठेवा, त्याला सारखाच. त्यात आपल्या पगाराचे खाते आहे आणि वर्गातल्या पोरांचे आधार क्रमांकही आहेत.

ही युक्ती जुनीच आहे. मॉस्कोतल्या अमेरिकी दूतावासात १९८४ साली टाइपरायटरांच्या आत अशी छुपी यंत्रे सापडली होती. आपल्याजवळचे उदाहरण एल्गार परिषद प्रकरणाचे. आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी संस्थेने २०२१ च्या अहवालांत म्हटले की रोना विल्सन आणि नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकांत नेटवायर हा हेर प्रोग्राम ईमेलमधून घुसवला होता. कळा नोंदवणे हे नेटवायरचे एक काम. तपास यंत्रणेला हे मान्य नाही आणि खटल्यात मला पडायचेही नाही. ईमेलला जोडलेली फाइल न पाहता उघडू नये, एवढे मात्र आपण त्यातून घेऊ शकतो.

आपल्याकडचे दार वेगळे आहे, ते म्हणजे ‘क्रॅक’. विंडोज, ऑफिस, मराठी फॉन्ट, सगळे पेनड्राइव्हवरून या शाळेतून त्या शाळेत फिरते. सोबत सूचना असते, ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’. अन् आपण बंद करतो! चोराने सांगावे कुत्रा बांधून ठेवा, अन् आपण बांधावा, अशातली गत. विंडोजमध्ये डिफेंडर फुकट येतो, तो चालू ठेवा, अपडेट थांबवू नका. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची साधनेही मोफत आहेत. सीपीयूच्या मागे कीबोर्डची वायर अन् खाच यांच्या मधे अनोळखी तुकडा दिसला तर काढून विचारा, हा कोणाचा? बँकेचा पडद्यावरचा कीबोर्ड वापरावा, पण काही हेर प्रोग्राम पडद्याचे फोटोही काढतात, म्हणून ओटीपीचे दुसरे कुलूप हवेच.

खरा राग मला वेगळ्याच गोष्टीचा येतो. कामे सगळी ऑनलाइन मागायची आणि चांगला संगणक द्यायचा नाही, मग शिक्षक कॅफेत जाणार नाही तर काय करणार? प्रत्येक केंद्रशाळेत फक्त याच कामाचा एक संगणक द्या, ही मागणी शिक्षक संघटनांनी लावून धरायला पाहिजे.

काही पालक मुलांवर लक्ष ठेवायला स्वतःच असा प्रोग्राम टाकतात. मला ते पटत नाही. पोराचे लिहिणे तुमच्यासोबत तो प्रोग्राम बनवणाऱ्याकडेही जाऊ शकते.

पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. पासवर्ड बदलताना मात्र दुसरा संगणक घ्या, त्याच संगणकावर बदलला तर नवाही त्याच फाइलीत जाईल.