खारेपाटातील राता

चहा हा आमच्या घराघरांत आता देवपूजेइतकाच नेमाचा झाला आहे. परंतु पेल्यात उतरलेली पाने कोणत्या जातीच्या झुडपाची, हा प्रश्न कोणी क्वचितच विचारतो. जपानात तो आवर्जून विचारला जातो. शिझुओका प्रांतात सुगियामा हिकोसाबुरो या गृहस्थांनी १९०८ साली वेळूच्या बनाच्या उत्तरेकडील रोपांतून एक झुडूप निवडले. 'याबु' म्हणजे बन व 'किता' म्हणजे उत्तर, म्हणून त्याचे नाव 'याबुकिता' पडले. ते थंडी सोसणारे, भरपूर पाला देणारे निघाले आणि आज त्या देशाच्या चहामळ्यांचा निम्म्याहून पुष्कळ अधिक भाग त्या एकाच झुडपाच्या कलमांनी व्यापला आहे. चहाचे बी पेरले तर रोप आईसारखे निघत नाही. कलम केले तरच जात टिकते. त्यामुळे डोंगरउतारावरील एखाद्या लहान शेतकऱ्याने 'इन्झात्सु १३१' सारखी विरळ जात उपटून टाकली, तर तिचा सुगंधही तिच्याबरोबर त्या शेतातून जातो. (या जातीच्या कुळात हिंदी चहाचे रक्त आहे, हे वाचकांस ऐकून बरे वाटेल.)

ही दूरदेशीची हकीकत सांगण्याचे कारण आमच्या अगदी जवळचे आहे. पेणहून नागोठण्याकडे जाताना वडखळच्या पुढे गडब गाव लागते. हा सारा खारेपाट. म्हणजे धरमतरच्या खाडीपासून बांध घालून सोडवून घेतलेली जमीन. ज्या जिल्ह्यास १९८१ पर्यंत कुलाबा म्हणत, त्यात अशा खाजणांच्या बांधबंदिस्तीसाठी शिलोत्री नावाची पद्धतच पूर्वी रूढ होती. बांधास उघाडी ठेवायची, ओहोटीला पावसाचे पाणी बाहेर सोडायचे, भरतीला खाडीचे पाणी आत येऊ द्यायचे नाही, आणि बांधाला खांड गेली तर गावाने मिळून ती बुजवायची. एवढे करूनही उन्हाळ्यात मीठ वर येतेच. पावसाच्या पहिल्या सरींनी ते धुऊन निघाले की मोड आणलेले भात चिखलात फेकायचे, यास 'रहू' म्हणतात.

अशा जमिनीत पिकणारे भात म्हणजे राता. त्याचे दोन प्रकार प्रसिद्ध आहेत, काळा राता आणि भुरा राता. दाणा तांबडा व जाड, ताट उंच, उत्पन्न बेताचे. भाताच्या इतर जाती ज्या खारटपणात पिवळ्या पडून करपतात, तेथे हा उभा राहतो, आणि उंच असल्यामुळे साचलेल्या पाण्यातही त्याचे डोके वर राहते. शेतकऱ्यांच्या वाणांतूनच निवड करून शास्त्रज्ञांनी 'काळा राता १-२४' आणि 'भुरा राता ४-१०' हे वाण वेगळे काढले. क्षार सोसणारे म्हणून ते भातसंशोधकांच्या यादीत आजही सापडतात. आगरी कुणब्यांनी पिढ्यानपिढ्या निवडून ठेवलेल्या दाण्याचे हे मोल परदेशी शास्त्रज्ञांस कळते, आणि आम्हांस मात्र तांबडा भात पाहुण्याच्या पानात वाढण्याची लाज वाटते!

ही लाजच रात्याच्या मुळावर आली आहे, असे आमचे मत आहे. 'आयआर ८' हा बुटका वाण १९६६ साली आला, त्यापाठोपाठ 'जया' आला, आणि पुढे पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीसाठी सुधारलेले वाण दिले. त्यांनी शेतकऱ्याचे कल्याणच केले; अधिक पिकणारे भात त्याने का पेरू नये? परंतु दरम्यान डोलवीस पोलादाचा कारखाना उभा राहिला, तरुण मंडळी नोकरीस लागली, आणि खांड बुजवावयास माणसे जमवणे जड जाऊ लागले. बांध फुटून खारे पाणी वावरात आले की सुधारलेला नाजूक वाण पहिल्यांदा बसतो. त्या वर्षी रात्याचे बी घरात असावे लागते.

बियाण्याचे भात कोकणच्या दमट हवेत एकदोन वर्षांपलीकडे भरवशाचे राहत नाही. पेरले नाही की संपले. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत अतिथंड खोलीत वाणांचा साठा दीर्घकाळ ठेवता येतो, आणि २००१ च्या कायद्याने शेतकऱ्यास आपल्या परंपरागत वाणाची नोंदणीही करता येते. पण खोलीतील बियाणे दरवर्षीच्या भरती-ओहोटीस तोंड देत नाही. त्याला भरतीची सवय राहते ती वावरातच.

पेणच्या पोह्यांचे कौतुक आम्ही सर्वच करतो. येत्या दिवाळीस पोहेवाल्याकडे एक शेर तांबडे पोहे मागून पाहावे. दह्यात कालवून, वर मिरची व हिंगाची फोडणी घातली तर ते पांढऱ्या पोह्यांहून चविष्ट लागतात. मात्र जाड असल्यामुळे ते थोडे आधी भिजत घालावेत, आणि मुलांना देताना भिजले आहेत याची खात्री करून घ्यावी.