बुक्क्यात काय असतं?

पंढरपूर आमच्या सोलापूर जिल्ह्यात. त्यामुळे असेल, पण बुक्का ही मुद्दाम विकत घ्यायची वस्तू आहे असं इकडे फारसं वाटतच नाही. तो देवघरात असतोच! कोणीतरी वारीहून येतं, तुळशीच्या माळेबरोबर एक पुडी हातावर ठेवतं. आता हा वास नक्की कशाचा, असं कोणाला विचारा. उत्तर येईल, "बुक्क्याचा!"

जुन्या पद्धतीचा बुक्का म्हणजे सुगंधी वनस्पतींची कुटून, चाळून केलेली पूड. चंदन, वाळा, नागरमोथा, कचोरा, दवणा... प्रमाण ज्याचं त्याचं. काळा रंग कोळशाचा. चंदन सोडलं तर या यादीत श्रीमंती काहीच नाही. वाळा हे गवताचं मूळ, कचोरा हळदीच्या कुळातला कंद. दवणा तर चैत्रात जोतिबाला वाहतात तोच. त्याच्या तेलाला परदेशी अत्तरवाल्यांकडे भारी मान आहे. म्हणे प्रत्येकाच्या अंगावर त्याचा वास वेगळा येतो.

पण खरी गंमत मोथ्याची. ऊसवाल्या शेतकऱ्यापुढे लव्हाळ्याचं नाव काढून बघा! खुरपा, नांगरा, तणनाशक मारा, जमिनीतल्या गाठी शिल्लक राहतात आणि पावसाबरोबर गडी पुन्हा हजर. त्या काळ्या गाठी म्हणजेच मोथा. एखादी फोडून वास घ्या, ओळखीचा वाटेल. अत्तरासाठी ज्याचं तेल काढतात तो नागरमोथा याचा सख्खा भाऊ, मुख्यतः मध्य प्रदेशातून येणारा. परदेशात त्या तेलाला 'सिप्रिओल' म्हणतात, आणि 'ऊद' नावाने विकल्या जाणाऱ्या महागड्या बाटल्यांत अगरूचा भास द्यायला ते वापरतात. म्हणजे बांधावर आपण ज्याला शिव्या देतो, त्याच्या भावाला तिकडे काचेच्या बाटलीत मान!

चंदनाची गोष्ट उलटी. त्याचा सुगंध गाभ्यात, आणि उपयोगी गाभा धरायला पंधरा-वीस वर्षं तरी जातात. शिवाय हे झाड अर्धं परोपजीवी, शेजारच्या झाडाच्या मुळांतून अन्न ओढणारं. म्हैसूरला १९१६ साली चंदन तेलाचा सरकारी कारखाना निघाला, इतकं चंदन तेव्हा होतं. नंतर तोड आणि चोरी. आज आपल्याच जातीच्या चंदनाच्या मोठ्या बागा ऑस्ट्रेलियात आहेत. आता सांगा, दहा-वीस रुपयांच्या पुडीत चंदन कुठून येणार? येतो तो कारखान्यात तयार झालेला चंदनाचा वास.

यात पाप आहे असं मी म्हणत नाही. कृत्रिम कस्तुरी निघाली नसती तर कस्तुरीमृगाचं आणखी काय झालं असतं कोण जाणे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, आणि 'कस्तुरी' अत्तर तरीही गल्लोगल्ली मिळतं. उगाच 'नैसर्गिक ते चांगलं' असा धोशा लावणाऱ्यांतला मी नाही. वनस्पतींच्या तेलांनीही कातडीला खाज सुटतेच.

माझं म्हणणं एवढंच, की पुडीवर लिहा! मी पाहिलेल्या पुड्यांवर विठोबाचं चित्र असतं, 'सुगंधी', 'स्पेशल' असं असतं, आत काय आहे ते नसतं. युरोपात २००५ पासून ॲलर्जी आणू शकणारे २६ सुगंधी घटक सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनावर नावानिशी लिहावे लागतात, २०२३ मध्ये ती यादी ८० च्या वर नेली. आपण हा बुक्का तान्ह्या पोराच्या कपाळालाही लावतो, आणि दिवसभर उन्हात चालून घामाघूम झालेल्या वारकऱ्याच्याही. 'देवाचं आहे, त्याला काय होतंय' हे उत्तर मला पटत नाही. देवाचं आहे म्हणून तर जास्त नीट हवं.

आणि धंद्याच्या दृष्टीनेही बघा. 'वाळा, मोथा, कचोरा, दवणा. चंदन नाही' असं स्वच्छ छापून कोणी पुडी विकली, तर दुप्पट पैसे देणारे माझ्यासारखे निघतीलच की.

तोवर घरी करून बघा. काष्ठौषधीच्या दुकानात वाळा, नागरमोथा, कचोरा सुटा मिळतो. चंदनाची हौस सोडून द्या. सगळं खडखडीत वाळवा, कुटा, वस्त्रगाळ करा. हा बुक्का विकतच्यासारखा घमघमत नाही, आधीच सांगतो. वास घ्यायला नाक जवळ न्यावं लागतं.