जुनी आवृत्ती कोण काढणार?

२०१२ च्या जुलैअखेरीस अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या दलाल कंपनीने शेअर बाजारात ऑर्डर पाठवणाऱ्या आपल्या यंत्रणेवर नवा कोड टाकायला घेतला. सर्व्हर आठ होते. एका तंत्रज्ञाकडून आठव्यावर प्रत टाकायची राहून गेली आणि दुसऱ्या कोणी तपासणीही केली नाही. १ ऑगस्टला बाजार उघडला, तेव्हा त्या आठव्या सर्व्हरवर ‘पॉवर पेग’ नावाचा, २००३ पासून वापरात नसलेला कोड चालू झाला. पाऊण तासात कंपनीचे ४६ कोटी डॉलर गेले. गोंधळात अभियंत्यांनी बाकीच्या सात सर्व्हरवरून नवा कोड काढला, आणि तेही जुन्या कोडकडे वळले.

ऑटोमेशन का हवे, हे पटवताना ही हकिगत नेहमी सांगितली जाते. तिचा भर मात्र राहून गेलेल्या आठव्या सर्व्हरवर असतो. नऊ वर्षे निरुपयोगी कोड आठही सर्व्हरवर पडून होता आणि तो काढणे हे कोणाचेच काम नव्हते, याकडे क्वचितच कोणी वळते. सर्व्हरवर जावासारखे रनटाइम बसवणाऱ्या आजच्या ऑटोमेशन प्लेबुकांमध्ये नेमकी हीच उणीव दिसते.

मार्क बर्जेस यांनी ऑस्लोमध्ये १९९३ साली सर्व्हरची मांडणी आपोआप करणारे सीएफइंजिन हे साधन लिहिले. पुढे २००५ मध्ये पपेट, २००९ मध्ये शेफ आणि २०१२ मध्ये अॅन्सिबल आले. या सगळ्यांचे सूत्र एकच: सर्व्हर कसा असावा ते लिहून ठेवा, साधन त्याला तसा करील, आणि तेच वर्णन कितीही वेळा चालवले तरी निकाल बदलणार नाही. सूत्र उत्तम आहे. पण जे लिहिलेले नाही त्याला साधन हात लावत नाही. ‘जावा १७ असावे’ एवढेच लिहिले, तर जावा ८ असू नये हे त्याला कळण्याचा मार्गच नसतो.

पॅकेजांची रचनाही याला हातभार लावते. रेड हॅट असो वा डेबियन, ओपनजेडीके ८, ११ आणि १७ ही तिथे वेगवेगळ्या नावांची वेगवेगळी पॅकेजे आहेत. नवे आले म्हणून जुने जात नाही. दोन्ही शेजारी शेजारी राहतात. त्यात कोणीतरी कधीतरी ‘ऑप्ट’ डिरेक्टरीत उघडलेली टारबॉल असते, तिची तर पॅकेज डेटाबेसात नोंदही नसते. पाच-सहा वर्षे जुन्या सर्व्हरवर तीन-चार जेडीके सापडले, तर त्यात नवल नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरशेल या सुरक्षा-दोषाने याची किंमत दाखवली. दोष लॉगफोरजे लायब्ररीत होता, पण हल्ला किती सोपा जाईल हे खालच्या जावावरही अवलंबून होते. ऑक्टोबर २०१८ मधल्या जावा ८ च्या १९१व्या अपडेटपासून एलडॅपमार्गे बाहेरचे क्लास आणून चालवणे मुळातच बंद होते. त्याआधीच्या आवृत्त्या सर्वांत सोपे भक्ष्य ठरल्या. नंतरच्याही पूर्ण सुरक्षित नव्हत्या, कारण हल्ल्याचे इतर मार्ग होते. म्हणजे लायब्ररीच्या शोधाबरोबरच आणखी एक प्रश्न उभा राहिला: कुठली सेवा कुठल्या जावावर चालते? अशा प्रश्नाचे उत्तर शोधायला आता वेळही कमी आहे. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार भारतातल्या संस्थांना सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते.

उत्तर शोधताना बहुतेकजण सर्व्हरवर लॉगिन करून जावाची आवृत्ती विचारतात. ते उत्तर लॉगिन शेलपुरतेच खरे असते. लॉगिन प्रोफाइलमधले जावा-होम बदलले, तरी सिस्टिमडीने सुरू केलेली सेवा ती फाइल वाचत नाही. शिवाय पॅकेज बदलले तरी आधीपासून चालू असलेली प्रोसेस रीस्टार्ट होईपर्यंत जुन्याच फाइली धरून बसते. अॅन्सिबलमध्ये इथे एक खोल खड्डा आहे. जावा बदलले, रीस्टार्टचा हँडलर नोंदवला गेला, आणि हँडलरची पाळी येण्याआधी एखादे टास्क फसले, तर हँडलर चालत नाही. दुरुस्ती करून प्लेबुक पुन्हा चालवले की पॅकेज ‘बदल नाही’ सांगते, त्यामुळे हँडलर पुन्हा नोंदवलाच जात नाही. अहवाल हिरवा आणि सेवा जुन्या जावावर! म्हणून खात्री चालू प्रोसेसकडूनच करून घ्यावी: ‘प्रॉक’ डिरेक्टरीत त्या प्रोसेसची ‘एक्सई’ लिंक कुठे जाते ते बघणारे टास्क रोलच्या शेवटी असलेच पाहिजे.

आवृत्तीची कटकट नको म्हणून काहीजण तिच्या जागी ‘लेटेस्ट’ लिहून मोकळे होतात. तो उपाय नव्हे. एप्रिल २०२१ मध्ये जावा ८ च्या २९१व्या अपडेटने टीएलएस १.० आणि १.१ मुळातच बंद केले. सुरक्षेच्या दृष्टीने निर्णय योग्यच होता, पण फक्त जुने टीएलएस जाणणाऱ्या डेटाबेसशी बोलणारी अॅप्लिकेशन्स त्या अपडेटनंतर जोडणी करीनाशी झाली. नावात ‘८’ कायम होता, वागणूक बदलली होती. आवृत्ती अपडेटच्या आकड्यापर्यंत नेमकी लिहावी, ती एका व्हेरिएबलमध्ये ठेवावी, आणि बदल आधी दोन-तीन सर्व्हरवर करून मग पुढे जावे. अॅन्सिबलचे ‘सिरियल’ त्यासाठीच आहे.

काढण्याचे काम बसवण्यापेक्षा अवघड आहे, हे मान्यच करायला हवे. पॅकेज काढताना त्यावर अवलंबून असलेले टॉमकॅटही निघून जाऊ शकते. जुन्या जेडीकेच्या ‘सीएसर्ट्स’ फाइलमध्ये कोणीतरी हाताने घातलेले अंतर्गत प्रमाणपत्र त्याच्याबरोबर नाहीसे होते, आणि सेवा मध्यरात्री एसएसएलची चूक दाखवू लागते. म्हणून क्रम महत्त्वाचा: नवे बसवा, प्रमाणपत्रे रोलमधूनच घाला, सेवा वळवा, रीस्टार्ट करा, प्रोसेस तपासा, काही दिवस जाऊ द्या, मग जुने काढा. चेक मोडवर सगळी भिस्त ठेवू नका. ‘शेल’ मॉड्यूलने लिहिलेली टास्के त्यात सहसा वगळली जातात. जुने काढण्याचे टास्क मात्र नवे बसवण्याच्या टास्कबरोबरच लिहिले जावे आणि त्याच वेळी तपासले जावे. ‘नंतर बघू’ म्हटलेले काम तिकिटांच्या ढिगात विरते.

यात पैशाचाही प्रश्न आहे. एप्रिल २०१९ मध्ये ओरॅकलने जावाचे लायसन्स बदलले आणि व्यावसायिक वापरासाठी जावा ८ चे पुढचे अपडेट सशुल्क झाले. जानेवारी २०२३ पासून नव्या वर्गणीचा हिशेब कंपनीच्या एकूण कर्मचाऱ्यांवर होतो. एका विसरलेल्या सर्व्हरवरचा ओरॅकल जेडीके त्यामुळे फार महाग पडू शकतो. त्याऐवजी टेमुरिन किंवा कॉरेटो हे मोफत जेडीके बसवून स्थलांतर झाले असे मानणाऱ्यांनी जुना जेडीके खरोखर गेला का, हे प्रत्येक सर्व्हरवर पाहावे. तारखांकडेही लक्ष हवे. ओरॅकल जावा १७ चे मोफत अपडेट सप्टेंबर २०२४ मध्ये थांबले. जावा २१ साठी ओरॅकलने जाहीर केलेली मुदत सप्टेंबर २०२६ ची आहे, आणि ज्यांच्या इन्व्हेंटरीत ओरॅकलचे जावा २१ आहे त्यांनी ते काढणारे टास्क या तिमाहीतच लिहायला घ्यावे.