विश्लेषण : निकाल बाजूने लागला, पण डीलरच गायब! घराचे पैसे कोण देणार?

फसवणूक झालेल्या ग्राहकाच्या बाजूने निकाल लागणे आणि त्याच्या बँक खात्यात पैसे जमा होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत ‘मोबाइल होम’ विकत घेणाऱ्यांना हा फरक अनेक वर्षांपूर्वी कळला. त्यातूनच टेक्सास, कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी फसलेल्या खरेदीदारांसाठी स्वतंत्र भरपाई यंत्रणा उभी केली. ही यंत्रणा कशी चालते, तिच्या मर्यादा काय आणि महाराष्ट्रातील फ्लॅट किंवा कंटेनर होम घेणाऱ्यांनी त्यातून काय घ्यावे?

मोबाइल होम म्हणजे नेमके काय?

कारखान्यात पूर्ण तयार करून ट्रकने जागेवर नेऊन बसवलेले घर. अमेरिकेत अशा घरांच्या बांधकामासाठी १९७४ मध्ये केंद्रीय कायदा झाला आणि १५ जून १९७६ पासून मानके लागू झाली. त्याआधीच्या घरांना ‘मोबाइल होम’ आणि नंतरच्या घरांना ‘मॅन्युफॅक्चर्ड होम’ असे अधिकृत नाव आहे. बोलण्यात मात्र जुनेच नाव टिकले. सुमारे दोन कोटी अमेरिकी नागरिक अशा घरांत राहतात. त्यांत कमी उत्पन्नाची कुटुंबे, ग्रामीण भागातील रहिवासी आणि निवृत्त लोक मोठ्या संख्येने आहेत.

घर असूनही कायदा त्याकडे अनेकदा वाहनासारखे पाहतो. खाली स्वतःची जमीन नसेल तर ते स्थावर मालमत्ता ठरत नाही. मग गृहकर्जाऐवजी जंगम मालमत्तेवरचे कर्ज मिळते. त्याचा व्याजदर जास्त आणि ग्राहकाला संरक्षण कमी.

फसवणूक कुठे होते?

खरेदीदार आणि कारखाना यांच्यामध्ये डीलर असतो. आगाऊ रक्कम, कर्जाचे कागद, वाहतूक आणि घर जागेवर बसवणे हे सगळे बहुधा त्याच्याच हातून होते. त्यामुळे तक्रारीही ठरावीक असतात. पैसे घेतले, पण घर आलेच नाही. जुने घर नवे म्हणून विकले. पाया नीट न घेतल्याने भिंतींना तडे गेले, छत गळू लागले. सर्वांत त्रासदायक प्रकार मालकी हक्काच्या कागदांचा. डीलर स्वतःच्या दुकानातील घरे कर्ज काढून आणतो. ग्राहकाकडून पैसे घेऊन त्याने ते कर्ज फेडले नाही, तर ग्राहक राहतो त्या घरावर डीलरला पैसे देणारी संस्था दावा सांगू शकते.

अशा वेळी न्यायालयात जाण्याचा मार्ग असतो. पण डीलर म्हणजे बऱ्याचदा भाड्याच्या मोकळ्या जागेवर चालणारी छोटी कंपनी. ती बंद झाली किंवा दिवाळखोरीत गेली की निकालाचा कागद हाती उरतो, वसुलीसाठी काहीच उरत नाही.

भरपाई निधी कसा चालतो?

मूळ कल्पना सोपी आहे. एका डीलरने बुडवलेले पैसे त्या संपूर्ण व्यवसायाने मिळून भरायचे. कॅलिफोर्नियात १९८५ पासूनच्या विक्रीसाठी असा निधी आहे. प्रत्येक विक्रीमागे घेतलेल्या छोट्या शुल्कातून तो उभा राहतो आणि राज्याचा गृहनिर्माण विभाग तो सांभाळतो. मात्र साधारणपणे आधी न्यायालयाचा निकाल हाती असावा लागतो आणि त्याची वसुली होत नसल्याचे दाखवावे लागते.

टेक्सासमध्ये थेट परवाना देणाऱ्या सरकारी विभागाकडेच दावा करता येतो. डीलर, घर बसवणारा ठेकेदार, उत्पादक या सर्वांना परवाना लागतो आणि परवान्यासाठी हमीरक्कम द्यावी लागते. ग्राहकाचे नुकसान सिद्ध झाले की विभाग भरपाई देतो आणि ती रक्कम नंतर दोषी परवानाधारकाकडून वसूल करतो. त्याने ती भरली नाही तर परवाना धोक्यात येतो. म्हणजे वसुलीसाठी धावपळ करण्याचे काम ग्राहकाकडून सरकारकडे जाते. या योजनेचा खरा अर्थ हाच आहे.

मर्यादा कोणत्या?

टेक्सासमध्ये भरपाईची कमाल मर्यादा ३५ हजार डॉलर आहे. घटना घडल्यापासून किंवा ती लक्षात आल्यापासून दोन वर्षांच्या आत दावा करावा लागतो. प्रत्यक्ष नुकसान भरून मिळते, पण मनस्तापाची भरपाई किंवा दंडात्मक भरपाई मिळत नाही. नवे घर ३५ हजार डॉलरपेक्षा बरेच महाग असते. त्यामुळे संपूर्ण घर बुडालेल्या कुटुंबाला ही रक्कम अपुरी पडते.

कर्ज देणाऱ्या संस्थेचे काय?

इथे अमेरिकेतील आणखी एक नियम महत्त्वाचा आहे. १९७६ पासून लागू असलेल्या ‘होल्डर रूल’नुसार, विक्रेत्याने ग्राहकाशी केलेला कर्जकरार दुसऱ्या वित्तसंस्थेने विकत घेतला, तर विक्रेत्याविरुद्धची तक्रार ग्राहक त्या संस्थेविरुद्धही मांडू शकतो. ‘घर सदोष आहे, मग हप्ता का भरू?’ हा प्रश्न त्याला कर्ज वसूल करणाऱ्यालाही विचारता येतो. परतावा मात्र ग्राहकाने करारापोटी भरलेल्या रकमेइतकाच मिळतो.

दुसरीकडे, करारातील लवादाच्या कलमामुळे अनेक खरेदीदारांना न्यायालयाचे दार बंद होते. अलाबामातील एका मोबाइल होमच्या कर्जावरून ग्रीन ट्री फायनान्शियल या कंपनीचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. लवादाचा खर्च कोणी करायचा हे करारात लिहिलेले नाही, एवढ्याच कारणावरून ते कलम रद्द होत नाही, असा निकाल न्यायालयाने २००० मध्ये दिला. ग्राहकाला न्यायालयात जाणे असे अवघड असेल तर सरकारी निधीचे महत्त्व आणखी वाढते.

महाराष्ट्रात कोणता आधार आहे?

कर्जत, मुळशी, अलिबाग परिसरात शेतघरासाठी कंटेनर होम किंवा प्रीफॅब घर बसवून घेणारे आता बरेच आहेत. स्वतःच्या जमिनीवर असे घर मागवले तर तो बांधकाम प्रकल्पातील फ्लॅट नसतो. त्यामुळे वाद झाल्यास महारेराऐवजी ग्राहक आयोगाचा मार्ग धरावा लागतो. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. तक्रार स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षांची. आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षे कैद होऊ शकते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते.

फ्लॅटसाठी रेरा कायद्याचे कलम १८ आहे. ताबा मुदतीत मिळाला नाही तर व्याजासह पैसे परत मागता येतात. बिल्डरने ते दिले नाहीत तर कलम ४० नुसार जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसुली होते. महारेरा वसुली वॉरंट काढते आणि ते जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. पण कंपनीच्या नावावर जप्त करण्यासारखे काही शिल्लकच नसेल तर वॉरंटचा उपयोग शून्य. टेक्सासमध्ये सरकार आधी पैसे देते आणि मग वसुलीला लागते. आपल्याकडे वसुली झाली तरच ग्राहकाला पैसे मिळतात.

घराचा ताबा नाही आणि हप्ता मात्र सुरू, ही तक्रारही आपल्याकडे जुनीच आहे. दिल्ली परिसरातील बिल्डर आणि बँकांच्या संगनमताच्या आरोपांवर सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सीबीआय चौकशीचा आदेश दिला. चौकशीतून दोषी सापडतील, पण आज हप्ता भरणाऱ्याला ‘होल्डर रूल’सारखा सरळ बचाव त्यातून मिळत नाही.

मग काय करायला हवे?

ठेवींच्या बाबतीत आपण हे तत्त्व आधीच मान्य केले आहे. सहकारी बँक बुडाली तरी ठेवीदाराला पाच लाखांपर्यंतची रक्कम विम्यातून मिळते, आणि त्याचा हप्ता बँका भरतात. पीएमसी बँकेच्या प्रकरणानंतर २०२१ मध्ये कायदा बदलून त्यासाठी ९० दिवसांची मुदतही घालण्यात आली. बँकेत ठेवलेल्या पाच लाखांना हमी आहे. तेच पाच लाख फ्लॅटच्या बुकिंगला दिले की हमी संपते. या फरकाचे समर्थन करणे अवघड आहे.

प्रकल्प नोंदणीच्या शुल्कात थोडी भर आणि रेराखालील दंडाचा काही वाटा यांतून मर्यादित भरपाईचा निधी उभा राहू शकतो. दंडाचे पैसे सध्या राज्य सरकारने ठरवलेल्या खात्यात जातात. प्रामाणिक बिल्डरने लबाडाचा भुर्दंड का सोसावा, हा आक्षेप येणारच, आणि हा खर्च शेवटी घराच्या किमतीत मिसळेल हेही खरे. म्हणूनच भरपाईला कमाल मर्यादा हवी, ताबा न मिळालेल्या आणि वसुली वॉरंट रखडलेल्या कुटुंबांना प्राधान्य हवे, आणि निधीचे पैसे परत न करणाऱ्या प्रवर्तकाला नव्या नावाने प्रकल्प नोंदवण्यास बंदी हवी. शेवटची अट सर्वांत आवश्यक आहे. ती नसेल तर निधी भरत राहील आणि तेच लोक तो पुन्हा रिकामा करत राहतील.

तोपर्यंत खरेदीदाराने काय करावे? कंटेनर होम घेताना सगळी रक्कम आगाऊ देऊ नये, कामाच्या टप्प्यांनुसार द्यावी. जीएसटीसह पक्के बिल घ्यावे. वाहतूक, पाया आणि गळतीची जबाबदारी कोणाची, हे करारात लिहून घ्यावे. व्यवहार फसला तर पुढे हेच कागद उपयोगी पडतात.