संस्था आदिवासींसाठी, सूत्रे कोणाकडे?

गडचिरोलीचे नाव निघाले, की शहरी वाचकाला काही ठरावीक नावे आठवतात. हेमलकसा म्हटले की आमटे कुटुंब आणि शोधग्राम म्हटले की डॉ. अभय व डॉ. राणी बंग. या मंडळींच्या कामाचे मोल कोणी नाकारणार नाही. परंतु ज्या जिल्ह्याने गेल्या अर्धशतकात देशापुढे स्वयंसेवी कार्याचे इतके नमुने ठेवले, त्याच जिल्ह्यातील एखाद्या गोंड वा माडिया पुढाऱ्याचे नाव पुण्या-मुंबईत किती जणांना सांगता येईल? देवाजी तोफा हे नाव कदाचित निघेल. पुढे यादी अडते. आदिवासी भागातील संस्थांचे संस्थापक, विश्वस्त आणि हिशेबनीस बाहेरचे, तर कार्यकर्ते व लाभार्थी तेवढे स्थानिक, ही विभागणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती कोणाला खटकतही नाही.

संस्था स्थानिकांना विचारत नाहीत, असे नव्हे. शोधग्रामचा दवाखाना आदिवासींचे म्हणणे ऐकून झोपड्यांच्या धर्तीवर उभारला गेला आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले. मात्र मत विचारले जाणे आणि निर्णय हाती असणे, यांत बरेच अंतर आहे. हे अंतर कशाने कमी होते, याचे उत्तर याच जिल्ह्याच्या ईशान्य कोपऱ्यात, छत्तीसगडच्या सीमेला लागून असलेल्या कोरची तालुक्यात काही प्रमाणात मिळते.

गोंड आणि कंवर आदिवासींची बहुसंख्या असलेल्या या तालुक्यातील सुमारे ९० ग्रामसभांनी २०१६-१७ च्या सुमारास एकत्र येऊन महाग्रामसभा स्थापन केली. ही राजकीय पक्षाची शाखा नाही, पंचायत समितीही नाही. प्रत्येक ग्रामसभेने आपले प्रतिनिधी पाठवायचे, त्यांत पुरुषांबरोबर स्त्रियाही असल्या पाहिजेत, आणि तालुक्याच्या पातळीवरील प्रश्न, म्हणजे वनोपजाचा व्यापार, वनव्यवस्थापन, खाणीला विरोध, एकत्र बसून सोडवायचे, अशी तिची रचना आहे. विकासाचे काम करणारी एखादी प्रादेशिक संस्था जे करते, त्यातील बरेचसे काम ती करते. फक्त तिचे धोरण गावे ठरवितात.

हे एका रात्रीत झालेले नाही. डॉ. सतीश गोगुलवार आणि शुभदा देशमुख यांनी १९८४ मध्ये कुरखेडा परिसरात ‘आम्ही आमच्या आरोग्यासाठी’ या संस्थेचे काम सुरू केले. आरोग्य, वनौषधी, स्त्रियांचे बचतगट असा त्या कामाचा विस्तार कोरचीपर्यंत गेला. बचतगटांच्या बैठकांत बोलायला शिकलेल्या स्त्रियाच पुढे ग्रामसभेत प्रश्न विचारू लागल्या. वनहक्काचे दावे तयार करताना नकाशे, जुने दाखले आणि अर्ज यांसाठीही संस्थेच्या कार्यकर्त्यांची मदत झाली. मात्र महाग्रामसभा उभी राहिल्यावर ही मंडळी सल्लागाराच्या जागेवर सरकली. हे सरकणे आपल्याकडे दुर्मीळ आहे, आणि म्हणूनच ते का शक्य झाले हे पाहिले पाहिजे.

याचे प्रचलित उत्तर ‘क्षमताबांधणी’ असे आहे. प्रशिक्षण शिबिरे घेतली, की स्थानिक नेतृत्व तयार होते, असे मानले जाते. प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते हे उत्तर अपुरे आहे. शिबिरे तर चाळीस वर्षे होतच होती. बदल झाला तो गावाच्या हाती हक्काचा कागद आणि हक्काचा पैसा आल्यावर.

२००६ चा वनहक्क कायदा ३१ डिसेंबर २००७ पासून अमलात आला. त्याने गावांना सामूहिक वनहक्क दिले आणि बांबू व तेंदू यांसारख्या गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेकडे आली. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्काचा पट्टा मिळाला. असा पट्टा मिळालेल्या देशातील पहिल्या गावांपैकी ते एक. पट्टा मिळूनही बांबूची वाहतूक करण्याचे परवाने वन विभाग सोडेना. अखेर एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी गावात येऊन वाहतूक परवान्यांचे पुस्तक देवाजी तोफा यांच्या हाती दिले. एका परवाना पुस्तकासाठी केंद्रीय मंत्र्याला जंगलातल्या गावी यावे लागले, यावरून वाद कशाचा होता हे कळते.

तेंदूचे गणित याहून मोठे आहे, कारण तो जवळजवळ प्रत्येक घराचा हंगाम आहे. उन्हाळ्यातल्या मोजक्या दिवसांत भल्या पहाटे पाने तोडायची, सत्तर पानांचा एक पुडा बांधायचा आणि संकलन केंद्रावर मोजून द्यायचा. हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. राज्याच्या १९६९ च्या कायद्याने या व्यापारावर सरकारचा एकाधिकार होता. लिलाव वन विभाग करी आणि तोडणाऱ्याच्या पदरात मजुरी व मागाहून बोनस पडे. २०१३ पासून गोंदिया आणि गडचिरोलीतील काही ग्रामसभांनी स्वतः निविदा काढून तेंदू विकण्यास सुरुवात केली आणि पाहता पाहता हे लोण पसरले. ठेकेदाराशी करारनामा ग्रामसभेचा, मजुरीबरोबर रॉयल्टीही ग्रामसभेच्या बँक खात्यात. ज्या गावाच्या खात्यात कधी काही नव्हते, तेथे लाखांचे आकडे दिसू लागले.

खाते आले की त्यामागून पॅन क्रमांक, उद्गमकर, लेखापरीक्षण, सह्यांचे अधिकार हे सारे आले. कोणाला किती मजुरी, राखणीसाठी किती, गावाच्या कामासाठी किती, यावर भर सभेत वाद होऊ लागले. नेतृत्व घडते ते अशा वादांतून. अनुदानाच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेत कार्यकर्ता देणगीदाराला उत्तर देतो. तेंदूच्या पैशावर चालणाऱ्या ग्रामसभेत अध्यक्षाला शेजारच्या बाईला उत्तर द्यावे लागते, आणि तिने पाने किती तोडली हे तिला स्वतःला पक्के ठाऊक असते.

आदिवासी नेतृत्व महाराष्ट्राला नवे नाही. शहाद्यात अंबरसिंग सुरतवंती यांनी आणि पालघरकडे काळूराम धोदडे यांच्या भूमिसेनेने सत्तरच्या दशकात सावकारी व जमीन हडपण्याविरुद्ध मोठे लढे दिले. पण ते लढे होते. लढा ओसरल्यावर शाळा, आरोग्य, पतपुरवठा यांचे काम उभे करायचे तर कार्यालय, वाहन आणि पगार लागतात, आणि ते पुरविणारा बहुधा बाहेरचा असतो. कोरचीत आणि मेंढ्यात हा दुवा तुटला. मेंढ्याने तर बाहेरच्यांची जागा आधीच नेमकी ठरविली होती. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही या गावाची घोषणा प्रसिद्ध आहे. त्यामागची व्यवस्था तितकी माहीत नाही. चर्चेसाठी अभ्यासगट, निर्णयासाठी ग्रामसभा, आणि तोही सर्वसहमतीने. ‘वृक्षमित्र’चे मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्या बाहेरच्या सोबत्यांना अभ्यासगटात स्थान होते, निर्णयात नव्हते.

आपला कायदा मात्र या प्रश्नाची दखल घेत नाही. आदिवासींच्या नावाने संस्था काढायची तर १८६० चा संस्था नोंदणी कायदा किंवा १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा लागू होतो. विश्वस्त मंडळात एकही आदिवासी नसला तरी धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरी ती संस्था निर्दोष ठरते. ऑस्ट्रेलियाने यासाठी २००६ मध्ये स्वतंत्र कायदा केला. तेथे या कायद्याखाली नोंदणी होणाऱ्या संस्थेचे बहुसंख्य सदस्य आणि बहुसंख्य संचालक मूळनिवासी असावे लागतात. तेवढ्याने तेथील प्रश्न सुटले, असा दावा कोणी करणार नाही. परंतु संस्थेची मालकी कोणाची, हा प्रश्न निदान कायद्यात लिहिला गेला.

आपल्याकडे वारे उलट दिशेने वाहताना दिसतात. २०२० च्या दुरुस्तीने विदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेला तो निधी दुसऱ्या संस्थेकडे वळविण्यास मनाई झाली. मोठ्या संस्थेच्या आधाराने काम करणाऱ्या तालुका पातळीवरील लहान गटांना याचा फटका बसला, कारण स्वतंत्र नोंदणीसाठी तीन वर्षांचे अस्तित्व आणि १५ लाख रुपयांचा खर्च दाखवावा लागतो. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा निधीही अहवाल, छायाचित्रे आणि इंग्रजी सादरीकरण करू शकणाऱ्यांकडेच सहज जातो. ग्रामसभेचा ठराव मराठीत, कधी गोंडीमिश्रित मराठीत, वहीत लिहिलेला असतो.

ग्रामसभांचे चित्र सारेच उजळ आहे, असे समजण्याचे कारण नाही. २०१७ मध्ये तेंदूचे भाव चढले आणि पुढच्याच हंगामात कोसळले. वस्तू व सेवा कराने तेंदूपानावर १८ टक्के बोजा टाकला होता. तो ५ टक्क्यांवर यायला २०२५ चा सप्टेंबर उजाडावा लागला. काही ठिकाणी ठेकेदारांनी ग्रामसभांचे पैसे थकविले, आणि वसुलीसाठी न्यायालयात जाणे गावाला परवडणारे नव्हते. हिशेब जमणारी दोन-चार शिकलेली मुले गावात असतात, सारे व्यवहार त्यांच्याभोवती गोळा होतात आणि म्हातारी माणसे गप्प बसू लागतात. बिडीचा धंदाच आटत गेला तर काय, हा प्रश्न तर कोणी फारसा विचारीत नाही. एका पिकाच्या रॉयल्टीवर उभे असलेले स्वातंत्र्य त्या पिकाइतकेच भरवशाचे असते.

आता खरी कसोटी खाणींची आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपती सुमारे ६० साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. नक्षलवादी आणि पोलीस या दोहोंच्या कात्रीत ग्रामसभा चालविणाऱ्यांवरचा एक दबाव त्यामुळे हलका झाला. त्याच वेळी सुरजागडचे लोहखनिज आणि कोनसरीचा पोलाद प्रकल्प यांच्या आधारे जिल्ह्याला पोलादनगरी करण्याच्या घोषणा होत आहेत. कोरचीतल्या झेंडेपारच्या डोंगरावर प्रस्तावित लोहखाणीला तेथील गावांचा विरोध जुना आहे. तो डोंगर त्यांचे देवस्थानही आहे. महाग्रामसभा आकाराला येण्यामागे हा विरोध हेही एक कारण होते.

खाणीबरोबर पैसाही येतो. २०१५ च्या खनिज कायद्यातील दुरुस्तीने स्थापन झालेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी बाधित गावांच्या विकासासाठी आहे, आणि अनुसूचित क्षेत्रात त्याच्या योजनांना ग्रामसभेची मान्यता घ्यावी, असे केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. हा निधी तेंदूच्या रॉयल्टीच्या कितीतरी पट असू शकतो. तो खर्चण्यासाठी बाहेरच्या संस्था आणि सल्लागार कंपन्या पुढे येतीलच. जिल्ह्यातील हजाराहून अधिक ग्रामसभांकडे सामूहिक वनहक्काचे पट्टे आहेत आणि त्यांतील अनेकींना निविदा काढण्याचा, हिशेब ठेवण्याचा दहा वर्षांचा अनुभव आहे. त्यांची मान्यता योजना आखण्याआधी मागितली जाते, की छापील अर्जावर नंतर सही म्हणून, हे येत्या काही आर्थिक वर्षांच्या आराखड्यांत दिसेल.