पेठेतली दुपारची थाळी: दोन तासांचा धंदा आणि हिशोबात न धरलेला पगार



चॅनेलवर एक प्रश्न सारखा येतो. "सर, साताऱ्यात जेवणाचं हॉटेल काढायचंय, हायवेला जागा बघू का?" व्हिडिओत याचं थोडक्यात उत्तर दिलंय. इथे आकड्यांसकट लिहितो, कारण कागद-पेन घेऊन बसल्याशिवाय हा विषय डोक्यात शिरत नाही.

माझं मत आधी सांगून टाकतो. भांडवल चार-पाच लाखांच्या आत असेल आणि घरात कुणाच्या तरी हाताला चव असेल, तर हायवेचा नाद सोडा. जुन्या साताऱ्यात, पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंतच्या पट्ट्यात, फक्त दुपारच्या जेवणाची छोटी खानावळ काढा. पण एका अटीवर. ती अट खाली येते आणि बऱ्याच जणांना ती आवडत नाही.

माझं स्वतःचं दुकान पॅकिंग मटेरियलचं आहे. पार्सलचे डबे, द्रोण, कागदी ग्लास, पिशव्या. हॉटेलवाले हेच माझे गिऱ्हाईक. कुणाचा माल दर महिन्याला वाढतोय आणि कुणी अचानक उधारी मागायला लागलंय, हे बोर्ड उतरायच्या आधी मला कळतं. त्यामुळे हे मत बीबीएच्या पुस्तकातून कमी आणि माझ्या उधारीच्या वहीतून जास्त आलंय.

"पेठेत पार्किंग नाही, पेठ संपली"

हे वाक्य तुम्ही पण ऐकलं असेल. पार्किंग नाही, हे खरंच आहे. १७०८ साली शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला आणि अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला हे शहर पेठापेठांनी वाढत गेलं. तेव्हा रस्ते माणसांच्या आणि बैलगाड्यांच्या हिशोबाने पडले. मोती चौकात आज चारचाकी लावायला जागा मिळत नाही, यात नवल काय?

पण दुपारी एक वाजता तुमच्याकडे जेवायला कोण येणार, ते बघा. कापड दुकानातला सेल्समन, सराफाकडचा कारागीर, बँकेतला क्लार्क, शाळेतले सर आणि मॅडम, क्लासला आलेली पोरं, राजवाड्याच्या बसस्थानकावर उतरून बाजार करायला आलेली खेड्यातली माणसं. यातलं कुणीही तुमच्यासाठी गाडी काढणार नाही. ते सगळे सकाळपासून पेठेतच आहेत. त्यांना जेवायला चालत यायचंय, तेही पाच मिनिटांत.

हायवेला तुम्हाला गाडी थांबवावी लागते. त्यासाठी मोठा बोर्ड, मोठं पार्किंग, स्वच्छ टॉयलेट, पन्नास पदार्थांचं मेनूकार्ड आणि रात्री अकरापर्यंत उभा राहणारा स्टाफ लागतो. तो धंदा वाईट नाही, पण तो मोठ्या भांडवलाचा धंदा आहे. पाच लाख घेऊन त्यात उतरणं म्हणजे तालमीत पहिल्याच दिवशी हिंदकेसरीला आव्हान देणं.

पर्यटकावर भरवसा ठेवू नका

दुसरी कल्पना अशी येते. "कासला जाणारे लोक सातारा शहरातूनच जातात, त्यांना पकडू." कास पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहे आणि फुलांच्या दिवसांत यवतेश्वरच्या घाटात गाड्यांची रांग लागते, हे आपण बघतोच. पण फुलांचा बहर साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरचा. भाडं बारा महिन्यांचं. शिवाय तो माणूस पहाटे पुण्यातून निघालेला असतो. त्याला वर पोचायची घाई असते आणि उतरताना घराची. आला तर जेवू घाला, नमस्कार करा, पण हिशोबात त्याला धरू नका.

राजवाड्याच्या चौपाटीशी पण तुमची स्पर्धा नाही. ते गिऱ्हाईक संध्याकाळी हौसेनं बाहेर पडलेलं असतं. तुमचं गिऱ्हाईक दुपारी भुकेनं येतं. हौसेच्या माणसाला रोज नवीन काहीतरी लागतं. भुकेच्या माणसाला रोज तीच चव, तीच वेळ आणि तोच दर लागतो.

आता आकडे

खालचे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या जागेचे तुम्ही घाला.

समजा वीस माणसं बसतील अशी जागा आहे. साडेबारा ते अडीच या दोन तासांत तीन पंगती झाल्या तर ६० थाळ्या. थाळी ९० रुपये. महिन्याचे २६ दिवस. विक्री झाली १,४०,४०० रुपये.

खर्च असा:

कच्चा माल थाळीमागे ३६ रुपये म्हणजे ५६,१६०. भाडं १२,०००. व्यवसायाचे १९ किलोचे चार सिलिंडर, १,८०० प्रमाणे ७,२००. (घरगुती लाल सिलिंडर हॉटेलात वापरायचा नाही. ते बेकायदेशीर आहे आणि अपघात झाला तर विमा पण मिळायचा नाही.) लाइट-पाणी ३,०००. भाकरी-चपातीला एक बाई १०,००० आणि वाढप-धुण्याला एक माणूस ९,०००. उरलेलं अन्न, फुटतूट, साबण, पार्सलचे डबे मिळून ६,०००.

एकूण खर्च १,०३,३६०. हातात राहिले ३७,०४०.

इथे आपला माणूस पेन ठेवतो आणि म्हणतो, "महिना सदतीस हजार नफा, नोकरीपेक्षा बरं." माझी अट इथूनच सुरू होते.

न धरलेला पगार

सकाळी सात वाजता मसाला कोण भाजतं? आमटीला फोडणी कोण देतं? बहुतेक ठिकाणी बायको, आई नाहीतर वहिनी. तिचा पगार कुठल्या ओळीत लिहिलाय? विचारलं की उत्तर ठरलेलं: "घरचंच माणूस आहे हो, पगार कशाला?"

तोच स्वयंपाक बाहेरचा आचारी करेल तर १५,००० तरी घेईल. तुम्ही गल्ल्यावर आणि खरेदीला दिवसभर असता, तुमचे पण १५,००० धरा. हे ३०,००० वजा केले की उरले ७,०४०. तीन लाखांचं मुद्रा कर्ज पाच वर्षांसाठी घेतलं असेल तर हप्ता साधारण साडेसहा हजार. आता उरले पाचशे-साडेपाचशे रुपये.

म्हणजे या उदाहरणात ६० थाळ्यांना तुमचा धंदा नफ्यात नाही, फक्त पाण्यावर तरंगतोय. वाईट नाही, पण खरं चित्र हे आहे. ते माहीत नसलेला माणूस सदतीस हजार नफा समजून दुसऱ्या वर्षी गाडीचा हप्ता लावून घेतो. मग बाळंतपण, आजारपण काहीही आलं आणि ती बाई पंधरा दिवस बसली की हॉटेलला कुलूप. लोक म्हणतात धंदा चालला नाही. धंदा तिच्या फुकट कष्टावर चालला होता, ते कष्ट थांबले.

खानावळीचा आपल्याकडचा इतिहास तिच्याच हाताचा आहे. मुंबईच्या गिरणगावात आपल्या साताऱ्याची आणि कोकणातली हजारो माणसं एकटी राहायची. त्यांना जेवू घालायच्या त्या खानावळवाल्या बाया. धान्य उधारीवर, पैसा सावकाराकडून, कष्ट पहाटेपासून. त्यांना एकत्र करून बँकेचं कर्ज मिळवून द्यायला प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. त्यातला मला सगळ्यात मोठा वाटणारा धडा हा, की चुलीपुढच्या कामाला बँकेने धंदा म्हणून मान दिला. इतकी वर्षं झाली, आणि आपण घरातल्या चुलीला अजून हिशोबात धरत नाही.

म्हणून अट ही: जी स्वयंपाक करणार तिचा पगार पहिल्या महिन्यापासून, तिच्या स्वतःच्या खात्यात, ठरलेल्या तारखेला. एवढी विक्री होणार नसेल असं तुमचे आकडे सांगत असतील तर खानावळ काढू नका. स्वयंपाक तिचा असेल तर उद्यम नोंदणी पण तिच्याच नावावर करा. काही जणांना हे घरात भांडण लावणारं वाटतं. माझ्या मते हिशोब न ठेवल्यानेच भांडण लागतं, फक्त ते पाच वर्षांनी लागतं.

नफा शेवटच्या वीस थाळ्यांत

६० च्या ८० थाळ्या झाल्या तर काय होतं? प्रत्येक जादा थाळीमागे ९० वजा ३६, म्हणजे ५४ रुपये. वीस थाळ्या, २६ दिवस: २८,०८०. त्यातून एक जादा सिलिंडर १,८०० आणि दुपारपुरता एक मदतनीस ५,००० काढा. २१,२८० रुपये राहिले. भाडं तेवढंच, हप्ता तेवढाच. तुमचा खरा नफा या वीस थाळ्यांत आहे.

उलट बाजू पण बघा. शेजारी नवीन खानावळ आली म्हणून घाबरून थाळी ८० ला केली, तर ६० थाळ्यांवर महिन्याला १५,६०० गेले. दर पाडून आणलेलं गिऱ्हाईक दर पाडणाऱ्या पुढच्या माणसाकडे जातं. सरकारने २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन सुरू केलं तेव्हा गिऱ्हाइकाला थाळी १० रुपये होती, पण शहरी भागात सरकारने तिचा हिशोब ५० रुपये धरला आणि वरचे ४० केंद्रचालकाला दिले. तेही दोन चपात्या, एक भाजी, वरण आणि भाताचे. तुम्हाला वरचे पैसे द्यायला कुणी बसलेलं नाही.

जादा वीस थाळ्या आणायच्या कशा? टेबलं वाढवून नाही. आजूबाजूच्या दुकानांत सव्वाबारालाच डबे पोचवा. महिन्याचा पास काढा आणि पैसे आगाऊ घ्या, म्हणजे किराण्याला उधारी लागत नाही.

एक सूचना. ९० च्या दराने रोज साधारण ७१ थाळ्यांच्या पुढे गेलात की वर्षाची उलाढाल २० लाख ओलांडते आणि जीएसटी नोंदणी घ्यावी लागते. कंपोझिशन घेतलं तर ५ टक्के तुमच्या खिशातून जातात, गिऱ्हाइकाकडून मागता येत नाहीत. ८० थाळ्यांना ते महिन्याला ९,३६० होतात. तरीही तुम्ही फायद्यातच आहात, पण ही ओळ आधीच लिहून ठेवा आणि सीएशी बोला.

मेनू लहान ठेवा

रोज एकच थाळी, वार ठरलेला. सोमवारी मटकी, मंगळवारी कोरेगावचा वाघ्या घेवडा, बुधवारी पिठलं-भाकरी आणि ठेचा, शुक्रवारी अख्खा मसूर. गिऱ्हाइकाने वारावरून भाजी ओळखली पाहिजे. एकादशीला आणि नवरात्रात भगर-आमटी ठेवा, नाहीतर त्या दिवसांत पंगत निम्मी बसेल. पुण्यातलं पूना बोर्डिंग हाऊस १९२४ चं आणि बादशाही बोर्डिंग १९३२ चं. दोन्ही जुन्या पेठांच्या भागात, दोन्ही थाळीवर मोठी झालेली. लोक तिथे मेनूकार्ड वाचायला जात नाहीत.

जागा घेताना

पेठेतली जागा बऱ्याचदा वाड्याची असते आणि वाड्यात भाऊबंद असतात. एका चुलत्याने हो म्हटलं म्हणजे जागा मिळाली असं नाही. प्रॉपर्टी कार्डावर किती नावं आहेत ते बघा आणि सगळ्यांची संमती घ्या. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवूनच करा, महाराष्ट्रात ते बंधनकारक आहे. लाकडी माळवद असेल तर भट्टी कुठे आणि धूर कुठून बाहेर जाणार, हे आधी ठरवा. भांडी धुतलेलं तेलकट पाणी कुठल्या गटारात जातं तेही बघा, कारण शेजाऱ्याची पहिली तक्रार तिथूनच येते. अन्न परवान्याची नोंदणी आणि शॉप ॲक्टची सूचना ही कामं ऑनलाइन होतात, ती उद्घाटनाच्या आधी करा.

या आठवड्याचं काम

ॲडव्हान्स द्यायच्या आधी तीन दिवस द्या: एक सोमवार, एक बाजाराचा दिवस आणि एक शनिवार. तुम्ही बघितलेल्या जागेसमोर साडेबारा ते अडीच उभे राहा. चालत जाणारी माणसं मोजा. किती जणांच्या हातात डबा आहे, किती जण वडापाववर भागवतायत, किती जण जेवायला घरी जातायत, तीन रकाने करा. त्याच रात्री जी स्वयंपाक करणार आहे तिला शेजारी बसवून वरचा हिशोब मांडा आणि पगाराचा आकडा तिला स्वतःला लिहू द्या. तो आकडा धरूनही खाली काही शिल्लक राहत असेल, तर जागामालकाला फोन करा.