वस्तीचा आवाज

१३ फेब्रुवारी १९९६ रोजी अमेरिकन रॅपर टुपाक शकूरचा ‘ऑल आइज ऑन मी’ हा अल्बम आला. दोन तबकड्या, २७ गाणी. त्याच वर्षी सप्टेंबरात लास वेगासमध्ये गोळ्या लागून तो गेला, अवघ्या २५व्या वर्षी. त्या गाण्यांतली बंदुकीची मिजास, बायकांबद्दलची भाषा आम्हाला मान्य नाही. पण वस्तीतल्या पोराने स्वतःचं जगणं स्वतःच्या बोलीत, कुणाची परवानगी न घेता मांडावं, ही हिंमत त्याने जगभर पोचवली. आपल्या नागपूरशेजारच्या अमरावतीचा सौरभ अभ्यंकर आज मराठीत रॅप करतो, जातीवर थेट बोलतो. इथल्या गांधीबागेच्या कापडबाजारात दिवसभर गठ्ठे उचलणाऱ्या पोरांनो, तुम्हीही लिहा, आपल्या नागपुरी बोलीत. आमच्याकडे पाठवा, आम्ही छापू.